पाइनवरचे बूट

कुलाँज नदीवरून ओंडके सोडणं थांबलं, त्यालाही आता किती वर्षं झाली. हल्ली उन्हाळ्यात रंगीत होड्या येतात. देलिमाची नात ओरियान शहरातल्या पाहुण्यांना खळाळातून खाली नेते आणि संध्याकाळी त्यांना भट्टीतला घेवडा खाऊ घालते.

खळाळाच्या तोंडाशी एका पाइनवर बूट लटकत असत. ओंडके हाकणारा कुणी बुडाला, की त्याला काठावरच पुरत आणि तळाला टोकदार खिळे ठोकलेले त्याचे बूट झाडाला टांगत. त्यांना कुणी हात लावत नसे. त्यांतले शेवटचे उरलेले बूट देलिमाच्या थोरल्या भावाचे, एल्देजचे.

परवा ओरियाननं ते उतरवले, तेल लावून पुसले आणि दुकानात शोभेला मांडले.

आज सकाळी देलिमा लाकडी धक्क्यावर आली आणि थबकली. फळ्यांवर बारीक भोकं होती. पावलापावलानं, पाण्याकडून घराकडे गेलेली. लहानपणी त्यांच्या स्वयंपाकघरात अशीच भोकं पडत. "बूट दाराशी काढ, मेल्या!" आई ओरडायची. एल्देज हसत तसाच आत यायचा आणि घेवड्यावर काकवी मागायचा.

"ओरियान, ते बूट आत्ताच्या आत्ता टांगून ये."

"अगं आजी, सुतारपक्ष्यानं टोचलं असेल."

"आज खळाळात उतरू नकोस, पोरी."

"आणि पाहुण्यांना काय सांगू? आजीचा भाऊ रुसलाय? तू घेवडा करपवू नकोस म्हणजे झालं!"

ती गेलीच.

देलिमा बूट घेऊन काठाकाठानं निघाली. दोन दिवस दुकानातल्या फळीवर असूनही ते आतून ओले होते. पाइनपाशी पोचली, पण गाठ मारताना बोटं चालेनात. खाली ओरियानची होडी पांढऱ्या पाण्यात शिरली.

गाठ बसली, तेव्हा होडी दिसत नव्हती.

मग वळणापलीकडे ती वर आली. पाहुणे वल्ही उंचावून आनंदानं ओरडत होते. देलिमानं छातीवर क्रूसाची खूण केली.

संध्याकाळी ओरियान धक्क्यावर उतरली. देलिमानं तिला पोटाशी धरलं. अंग गार होतं.

"जीव टांगणीला लागला होता गं माझा."

"भूक लागलीय," ओरियान म्हणाली. "काकवी जास्त घाल."

काकवीला ओरियाननं जन्मात तोंड लावलं नव्हतं.

ती घराकडे चालू लागली. पायांत रबरी चपला होत्या. तिच्यामागे फळ्यांवर, पावलागणिक, बारीक भोकं पडत होती.