बोनेटची चकाकी

धनेश म्हात्रेचं डोकं कुणीतरी त्याच्याच पॉलिशिंग मशीनने फोडलं होतं. एकदा नाही, तीनदा.

सहायक निरीक्षक उत्कर्षा निकम कळंबोलीच्या लोखंड बाजारामागच्या त्या गाळ्यात शिरली तेव्हा साडेबारा वाजले होते आणि मशीनची वायर अजून प्लगमध्येच होती. मे महिन्यात पत्र्याखाली जीव उकडत होता. धनेश एका काळ्या गाडीच्या नाकासमोर पालथा पडला होता, अंगात कामाचा एप्रन. भिंतीवर रक्त, फरशीवर रक्त, बंपरवर आणि उजव्या दिव्यावर रक्त. बोनेट मात्र असं चकचकीत की उत्कर्षाला त्यात स्वतःचा वैतागलेला चेहरा दिसला.

गाड्यांचा रंग घासूनपुसून नव्यासारखा करणं हा धनेशचा धंदा, आणि तो भलताच काटेकोर. कुठे काय लावायचं ते निळ्या चिकटपट्टीवर लिहून त्या त्या भागावर चिकटवायचा. दारांवर पट्ट्या होत्या : ‘बारीक पॉलिश, मग सीलंट. वॅक्स नको, इथली लोखंडाची धूळ धरतं.’ डिकीवर होती : ‘घासायचं कंपाउंड हलक्या हाताने, कडा सोडून.’ दारं आणि डिकी करून झाली होती, पट्ट्या तशाच होत्या. बोनेटवर पट्टी नव्हती. शेजारी परदेशी वॅक्सचा पिवळा डबा उघडा पडला होता. भिंतीवर एप्रनसाठी तीन खुंट्या, त्यातल्या एकीवरच एप्रन लटकत होता.

उत्कर्षाने हे सगळं पाहिलं आणि त्यातल्या कशाचाच विचार केला नाही. कारण बाहेर एका माणसाला ठार मारायचं चाललं होतं.

तो माणूस म्हणजे मकबूल, शेजारच्या गाळ्यात गाड्यांना रंग मारणारा, उरणकडचा, पंचावन्न वर्षांचा. पावणेबाराला तो रक्ताने माखलेल्या सदऱ्यानिशी ओरडत धनेशच्या गाळ्यातून बाहेर आला आणि हमालांनी त्याला धरून ठेवला. सकाळी त्याचा आवाज चहावाल्याने ऐकला होता : ‘बोनेटला जो हात लावील त्याचा हात तोडीन.’ एवढं पुरेसं होतं. पोलीस आत शिरताच चौघांनी त्याचा उजवा हात ट्रकच्या पायरीवर दाबून धरला आणि धनेशच्या धाकट्या भावाने, सुयशने, त्यावर लोखंडी गज घातला. दुसरा घाव जबड्यावर बसला. तिसरा डोक्यात बसला असता, पण हवालदार शहाजीने मध्ये घुसून तो आपल्या खांद्यावर घेतला.

मकबूल वाचला, आणि पोलिसांच्या पहाऱ्यात इस्पितळात पडला. अटकेचा कागद उत्कर्षानेच लिहिला.

गाडीचा मालक इंद्रजित दळवी. न्हावा शेव्याला मालाची कागदपत्रं सोडवायचा त्याचा व्यवसाय, राहायला खारघरला. फोन गेल्यावर अर्ध्या तासात आला. अंघोळ करून आल्यासारखा स्वच्छ.

“गाडी कधी आणलीत?”

“साडेआठला. दहा पन्नासला रिक्षाने निघालो. समोरच्या लोखंडवाल्याच्या कॅमेऱ्यात असेल बघा.”

“सव्वादोन तास काय करत होतात?”

“बसलेलो. चहा घेतला.”

“निघालात तेव्हा धनेश काय करत होता?”

“दारं संपवत आणलेली. बोनेटला हात नव्हता लावला.”

“वॅक्स कुठलं लावायचं ते कुणी ठरवलं?”

“मला त्यातलं काय कळतं, मॅडम? मी नुसता चालवणारा. एक डबा बाहेरून मागवलेला, तो त्याला दिला. बाकी त्याची मर्जी.”

कॅमेऱ्यात दहा पन्नासची रिक्षा होती. दुसऱ्या एका पॉलिशवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, बोनेटला वॅक्स लावायचं, वाळू द्यायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं, या सगळ्याला चाळीस मिनिटं धरा. म्हणजे धनेश निदान साडेअकरापर्यंत जिवंत होता. डॉक्टरने मृत्यूची वेळ दहा ते बारा दिली होती, तीही जुळत होती. दळवी सुटला, मकबूल अडकला. इतकं सरळ प्रकरण उत्कर्षाच्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं होतं.

पुढचे तीन दिवस मकबूलचा जबडा तारांनी बांधलेला होता. दळवीचा मात्र रोज फोन. गाडी कधी सोडणार? ठाण्याच्या आवारात सावली आहे का? वर कावळे बसतात का?

“मेल्या माणसाचं याला काय पडलं नाय,” शहाजी खांदा चोळत म्हणाला. “गाडीला मात्र जावयासारखी जपतोय.”

चौथ्या दिवशी सकाळी मकबूलला तोंड जरासं उघडता येऊ लागलं. इस्पितळातच मिळालेली कोठडी दुसऱ्या दिवशी संपत होती आणि त्याला न्यायालयात उभं करायचं होतं. उत्कर्षा त्याच्या खाटेशी बसली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, बाहेर आलेली बोटं काळीनिळी. तिने विचारलं, रक्त कुठून आलं? त्याने शब्द चघळत सांगितलं की धनेशचं डोकं मांडीवर घेतलं होतं, श्वास आहे का बघायला. नव्हता.

“धनेश बोनेट पुरं करून बसला होता. तोवर तू आत गेलास—”

“बोनेट पुरा?” मकबूलने डोळे उघडले. “काय लावलावता त्याला?”

“वॅक्स.”

खुनाचा आरोप झाला तेव्हा हा माणूस नुसता रडला होता. आता तो खाटेवर उठून बसायला लागला. नर्स धावली.

“कोनी लावला? त्या बोनेटला मीच रंग मारलाय, धा दिवस नाय झालं. दगड लागून पोचलावता. नवा रंग आतून वाळत असतो, बाय. त्याच्यावर वॅक्स मारला का तोंड बंद. मग फुगं येतान. म्हयनाभर नुसता पानी. ता धनेशला ठावं हाय.”

“मग हात तोडीन असं कुणाला म्हणालास?”

“धनेशला कशाला म्हनू? त्यानंच बोलावलावता मना, सांगाला. गाडीवाला ऐकत नवता, डबा घेऊन हुबा. त्याच्या कानावर जावा म्हनून वरडलो.”

स्वतःच लिहिलेला अटकेचा कागद उत्कर्षाला डोळ्यांपुढे दिसत होता आणि लाज वाटत होती. मग तिने दळवीला फोन लावला आणि गोड आवाजात सांगितलं, गाडी घेऊन जा.

दळवी आला तेव्हा गाडी आवारात भर उन्हात उभी होती. शेजारी शहाजी, हातात खरखरीत फडकं आणि कंपाउंडचा डबा.

“सह्या होईपर्यंत जरा धूळ काढून देतो,” उत्कर्षा म्हणाली. “शहाजी, बोनेट घासा चांगलं.”

“नको,” दळवी म्हणाला. “कंपाउंड नको. ते रंग कापतं.”

“तुम्हाला यातलं काही कळत नाही म्हणालात ना? घासा हो.”

शहाजीने फडकं डब्यात बुचकळलं आणि बोनेटवर दाबलं.

“अरे खाली रंग कच्चा आहे! वर दोन हात वॅक्स मारलंय, सगळं जाईल—”

शहाजीने एक जोरदार फेरा मारला. पुढच्या क्षणी दळवी त्याच्या अंगावर होता. त्याने शहाजीचं डोकं केसांनी धरून गाडीच्या काचेशेजारच्या खांबावर आपटलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा आपटणार तोच उत्कर्षाने त्याच्या गुडघ्यामागे लाठी घातली. तो खाली कोसळला. शहाजीच्या भुवईतून रक्त बोनेटवर गळलं, आणि आश्चर्य असं की बेड्या पडत असताना दळवी ते रक्त आपल्या बाहीने पुसायला धडपडत होता.

“हेच,” उत्कर्षा म्हणाली. “त्या दिवशीही हेच केलंत.”

तिने आवारातच, सगळ्यांसमोर सांगायला सुरुवात केली. धनेश बोनेटसमोर मेला. बंपरवर रक्त, दिव्यावर रक्त, आणि मधल्या बोनेटवर थेंब नाही, हे होऊ शकत नाही. म्हणजे ते पुसलं गेलं. उन्हाळ्यात रक्त कच्च्या रंगाला खातं. माणूस मारल्यावर पळून जायचं सोडून बोनेट पुसत बसेल असा एकच माणूस त्या गाळ्यात होता. पुसल्यावर डाग राहिले, म्हणून त्याने वॅक्स लावलं, वाळू दिलं, पुसलं, पुन्हा लावलं. “बोनेटला हात लावला नव्हता असं तुम्हीच सांगितलंत. तेव्हापासून गाडी आमच्या ताब्यात आहे. मग वॅक्स एक हात की दोन हात, हे तुम्हाला कुठून कळलं? आणि ते लावलं कुणी? धनेशने नाही, मकबूलने तर नाहीच.”

दळवी मातीत बसून धापा टाकत होता.

“त्या चाळीस मिनिटांचा फायदा वॅक्स लावताना तुमच्या मनातही नव्हता, तो हिशोब आम्हीच तुमच्या पदरात टाकला. रक्त कपड्यांवर उडालं नाही, कारण वॅक्स कसं लावायचं ते दाखवायला तुम्ही त्याचाच एप्रन चढवला होतात. खुंट्या तीन होत्या. एक एप्रन धनेशच्या अंगावर, एक खुंटीवर. तिसरा रिक्षातून नेता येत नव्हता. म्हणून गाडीसाठी रोज फोन.”

स्टेपनीच्या खाली एप्रन होता, घडी घालून. वाळलेल्या रक्ताने कडक झालेला. पंचनाम्यात स्टेपनी उचलायची राहिली होती. ती चूक उत्कर्षाचीच, आणि तिने तसं लिहून दिलं.

खुनाचं कारण दळवीने संध्याकाळी सांगितलं. रविवारी खारघरला शौकिनांच्या गाड्या मांडल्या जाणार होत्या. धनेश वॅक्सला नाही म्हणाला तेवढ्यावर भागलं असतं. पण मकबूल गेल्यावर धनेशने दिव्याचा झोत दारावर धरला आणि रंगातले बारीक गोल ओरखडे दाखवले. हे तुमच्याच हाताने पडलेत, म्हणाला. दर रविवारी घासता ना, चुकीचं फडकं, चुकीचं पॉलिश. तुम्हीच खराब केलीत गाडी. मग तो दिवा ठेवायला वाकला. मशीन दळवीच्या हाताशीच होतं.

उत्कर्षा इस्पितळात गेली तेव्हा वॉर्डच्या दारात सुयश उभा होता. आत जायचं धाडस त्याला होत नव्हतं. तिने पहारा उठवला, मकबूलला सगळं सांगितलं आणि मोबाईलमधला फोटो दाखवला. एप्रनच्या खिशात गोळा करून कोंबलेली निळी पट्टी मिळाली होती. धनेशचं अक्षर : ‘बोनेट. फक्त पाणी. २० जूनपर्यंत वॅक्स नाही. मग मकबूलचाचा हो म्हणतील तरच.’

मकबूलने डाव्या हाताने मोबाईल डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ धरला.

“तारीख बराबर लिवली पोरानं,” तो म्हणाला.

मग त्याने दाराकडे पाहिलं आणि सुयशला मानेनेच आत बोलावलं. सुयश आला आणि खाटेच्या पायाशी खाली बसला. उजव्या हाताने पुन्हा रंग फवारायची गन धरता येणार नाही, हे डॉक्टरांनी मकबूलला त्याच दुपारी सांगितलं होतं.