साउंडवाल्याचा अभिप्राय

परेशला पिक्चर बघायचाच नव्हता. दोन स्पीकर, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि वायरींचं भेंडोळं घेऊन तो आला होता. जोडणी झाली की खाली टेम्पोत जाऊन मस्त ताणून द्यायची, एवढाच त्याचा बेत.

खांदा कॉलनीतल्या चित्रपट मंडळाचा स्पीकर ऐन रविवारी दुपारी बसला होता. मंडळाच्या स्वानंदनं कुठल्याशा हळदीच्या बॅनरवरून ‘परेश साउंड, विचुंबे’चा नंबर शोधून काढला, आणि पाऊण तासात परेश हॉलवर हजर.

“आवाज बेताचा हं,” स्वानंद म्हणाला. तो शाळेत गणित शिकवायचा, आणि बोलायचाही फळ्यासमोर उभं राहिल्यासारखा. “पंचवीस माणसं आहेत. हळद नाहीये ही.”

“बेताचा आवाज आमाला येत नाय, सर,” परेश म्हणाला. “पन बघतो प्रयत्न करून.”

स्वानंद हसला. हसताना त्यानं चष्मा वर सरकवला… तो घसरला नव्हता तरी. परेशनं ते पाहिलं आणि उगाचच एकच वायर दोनदा तपासली.

“संपेपर्यंत थांबाल ना? मध्येच बंद पडलं तर माझी पंचाईत.”

परेश थांबला. का थांबला, हे त्याला तेव्हा विचारलं असतं तर त्यानं वायरीचं कारण सांगितलं असतं.

सिनेमाचं नाव ‘बाकड्यावरचे दोघे’. चार मित्रांनी मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर पनवेलमध्येच काढलेला. वडाळे तलावाच्या काठी एका बाकड्यावरून दोन तरुण रोज भांडतात, आणि भांडता भांडता… दहाव्या मिनिटालाच परेशला कळलं की हे दोघं एकमेकांच्या प्रेमात पडणार. त्याचे कान तापले. उठून जावं, तर मिक्सर समोर आणि वायरी पायात.

पैशाची तंगी पडद्यावर लपत नव्हती. नायक लग्नाला, ऑफिसला आणि दवाखान्यात एकाच चौकड्याच्या शर्टात. पाऊस पाइपातला, आणि तोही दोघांपैकी एकावरच पडणारा. लोक हसत होते, परेशही हसला. मग तो प्रसंग आला. बाकड्यावर एकटा बसलेला नायक फोनवर दुसऱ्याला काहीतरी सांगतोय, आणि रिक्षांच्या आवाजात त्याचे शब्द बुडतायत. परेशचं बोट आपसूक बटणावर गेलं. आवाज वर आला.

“तू आला नाहीस, तर मी इथं कुणासाठी भांडू?”

हॉलभर ते वाक्य स्वच्छ ऐकू आलं. भिंतीशी उभ्या स्वानंदनं मान वळवून थेट परेशकडे पाहिलं. परेशनं मिक्सरकडे.

मंडळाची एक पद्धत होती. सिनेमा संपला की कुणी चकार शब्द बोलायचा नाही. आधी प्रत्येकानं अभिप्राय लिहायचा, नाव न घालता, आणि चिठ्ठी स्टीलच्या डब्यात टाकायची. मग चहा, आणि चहाबरोबर स्वानंद एकेक चिठ्ठी वाचणार.

“लिही रे,” सर्वांत जुन्या सभासद दमयंतीबाई परेशला म्हणाल्या. “ज्यानं पाहिला त्यानं लिहायचा. साउंडवाला असला म्हणून काय झालं?”

कागद संपले होते. परेशनं खिशातल्या बुकिंगच्या पॅडचं पान फाडलं, उलटं केलं आणि बराच वेळ पेन नुसतं धरून बसला. मग एका दमात लिहिलं, चार घड्या घातल्या आणि डब्यात टाकलं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं त्याला वाटलं.

वाचन सुरू झालं. “‘नायकाला दुसरा शर्ट घेऊन द्यावा, मंडळानं वर्गणी काढावी.’” हशा. “‘असले विषय घरात बसून बघावेत.’” थोडी चुळबुळ. “‘दोघांपैकी कुणीही जावई म्हणून चालला असता. पण मुलगीच नको म्हणतायत, त्याला मी काय करू?’” यावर दमयंतीबाई इतक्या निर्विकारपणे चहा पीत राहिल्या की चिठ्ठी त्यांचीच, हे सगळ्यांना कळलं.

मग चार घड्यांचा कागद निघाला.

आणि तेव्हा कुठे परेशला आठवलं. त्या कागदाच्या पाठीवर लाल अक्षरांत त्याचं नाव होतं. नाव, गाव आणि मोबाइल नंबर. पनवेल-उरणातल्या निम्म्या हळदींना त्याचा साउंड असायचा. गोष्ट त्याच्या आईपर्यंत, सोनाबाईपर्यंत, पोचायला दोन दिवसही लागले नसते.

स्वानंदनं घडी उलगडली. क्षणभर थांबला. मग सहज केल्यासारखी डब्यातली दुसरी चिठ्ठी त्यानं त्या कागदाच्या पाठीला लावली, आणि वाचू लागला.

“‘मी असले पिक्चर बघत नाय. पन त्यातला तो, जो सगळ्यांना हसवतो न् घरी जाऊन गप बसतो, तो मीच हाय. आमच्याकडे हळदीला हजार मानूस असतं. मी सगळ्यांना नाचवतो. कुनी विचारलं, प…’” स्वानंद खोकला. “‘कुनी विचारलं, तुझी हळद कवा, की मी आवाज वाढवतो.’”

दमयंतीबाईंनी कप खाली ठेवला.

“कुणाची रे ही?” पुढच्या रांगेतली किशोरी हळूच म्हणाली.

“नियम काय आहे आपला?” स्वानंद म्हणाला. सगळ्या चिठ्ठ्या डब्यात गेल्या. ती एक मात्र त्याच्या सदऱ्याच्या खिशात.

खाली परेश वायर गुंडाळत होता तेव्हा स्वानंद मदतीला आला, आणि कोपराभोवती वायर गुंडाळू लागला.

“तशी नका, पीळ पडतो. अशी… एक वळसा असा, एक उलटा.” परेशनं त्याचं मनगट धरून दाखवलं. मनगट सोडायला त्याला जरा उशीर झाला.

“तुमचा कागद.” स्वानंदनं घडी पुढे केली. “तीन वर्षं चिठ्ठ्या वाचतोय. मोबाइल नंबर असलेली पहिलीच.”

“म्हंजे नंबर घेतला तुमी?”

“तो दुपारीच होता माझ्याकडे. आता फोन करायला कारण मिळालं.”

परेश हसला नाही. “सर, माझं नाव गिळलंत तुमी. नायतर मेलोच असतो मी.”

“मला कळतं ते,” स्वानंद म्हणाला. “मीही तसाच आहे, परेश. घरी सांगून चार वर्षं झाली. आई अजून मधूनच रडते. मग डोळे पुसून विचारते, भाजी काय करू?”

परेश त्याच्याकडे बघतच राहिला. असं माणूस आपल्या घरापासून पंधरा मिनिटांवर राहतं, आणि आपल्याला आज कळतंय!

त्यानंतर मंडळाच्या दुरुस्त झालेल्या स्पीकरची तपासणी दर रविवारी होऊ लागली. तपासणीनंतर चहा. चहानंतर तलावाला एक फेरी… मग आणखी एक. परेश हसवायचा, स्वानंद चष्मा वर सरकवायचा. दोन महिने गेले, आणि एका संध्याकाळी परेश म्हणाला, “रविवारी प्रितेशची हळद हाय. माझा चुलतभाऊ. या ना.”

“येऊ? कोण म्हणून?”

“या तर खरं.”

स्वानंद आला, तो पांढराशुभ्र कुर्ता घालून. हळदीला पांढरं घालून येणारा माणूस विचुंब्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा. मांडवात बायकांची गाणी चालली होती. साउंडची वेळ अजून व्हायची होती. हळदीची वाटी मांडीवर घेऊन बसलेल्या सोनाबाईनं त्याला खालून वर न्याहाळलं.

“ह्यो कोन रं?”

चार आत्या, दोन काकवा, सगळ्या बघत होत्या.

“गिऱ्हाईक हाय, आये.”

स्वानंदच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला तो निघून गेला. “हो, गिऱ्हाईक,” तो अदबीनं म्हणाला. पंगतीत बसून जेवला. पानात काही टाकलं नाही. आणि परेश जनरेटर बघायला मागे गेला तेवढ्यात कुणालाही न सांगता उठला.

परेश परत आला तेव्हा तो पांढरा कुर्ता मांडवाबाहेर पडताना दिसला. हाक मारावी, तर काय म्हणून? एवढ्याशा शब्दात आपण त्याला परका करून टाकला, आणि त्यानं वर हसून ‘हो’ म्हटलं. परेशला स्वतःची किळस आली. तो आईपाशी जाऊन खाली बसला.

“आये, खोटं बोललो मी. गिऱ्हाईक नाय तो.”

“मग?”

“तीन पोरी दाखवल्यास तू. तिन्हींना नाय म्हनलो. पोरींचा काय दोष नव्हता… मला पोरींचं नाय वाटत काय. पयल्यापासून नाय. मला तो आवडतो, आये.”

गाणी चालूच होती. सोनाबाई वाटीतली हळद बोटानं फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांच्या कडा भरल्या, पण तिनं वर पाहिलं नाही.

“जेवला काय तो?” तिनं अखेर विचारलं.

“जेवला.”

“हळद लावली त्याला?”

“नाय.”

“माझ्या दारातनं मानूस कोरा गेला?” तिचा आवाज चिरका झाला. “जा, आन त्याला.”

परेश धावला. स्वानंद रस्त्यावर स्कूटर काढत होता.

“आय बोलावते.”

“गिऱ्हाइकाला?”

“सांगितलं मी तिला. सगळं.” परेशला दम लागला होता. “चुकलो मी. पाया पडतो… तू चल.”

त्या ‘तू’वर स्वानंदनं स्कूटर पुन्हा स्टँडला लावली.

तो सोनाबाईसमोर मांडी घालून बसला. तिनं दोन बोटं हळदीत बुडवली आणि त्याच्या दोन्ही गालांना लावली. नजरेला नजर दिली नाही.

“घरी कोन हाय?”

“आई.”

“तिला म्हायती हाय?”

“हो.”

“रडली असंल.”

“खूप.”

“रडनारच,” सोनाबाई म्हणाली.

मग ती परेशकडे वळली. हात पुन्हा वाटीत घालायला हवा होता, तो तिनं घातला नाही. स्वानंदच्या गालांवरून आलेली तीच ओली बोटं तिनं परेशच्या गालावरून ओढली. नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद नवरीला लावतात, हे त्या मांडवात न कळणारं कुणी नव्हतं. शेजारच्या बायकांचं गाणं मध्येच थांबलं.

सोनाबाईनं पदरानं डोळे टिपले आणि त्या बायकांकडे पाहिलं.

“गा की,” ती म्हणाली. “थांबल्यात कशाला?”