आधी उजवा पाय

"ओ, इथंच घर बांधायचा विचार हाय काय?"

गोरखगडाच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर एक माणूस खडकाला पाठ लावून बसला होता आणि अख्खी वाट अडली होती. वर मी, पाण्याचे रिकामे कॅन घेऊन. खाली नुसतं धुकं. दिवाळी तोंडावर आली तरी पावसाचा पाय काही निघत नव्हता. सकाळपासून झिमझिम, आणि आता अंधारून यायला लागलं होतं.

"घर नको," तो म्हणाला. "जिना बांधून दिलात तरी जाम उपकार होतील."

त्याच्यासोबतची पोरं कधीच खाली उतरली होती. मला वाटलं, आला कुठला तरी घाबरट शहरी बाबू.

"मुंबईचे काय?"

"सापगावचा. शेखर."

"अगं बाई! शहापूरवाले? अख्खा माहुली गड उशाला घेऊन झोपता आणि चार पायऱ्या उतरवत नाय?"

"माहुलीला शिडी हाय, लोखंडाची. तुम्हा मुरबाडवाल्यांना परवडली नाय वाटतं!"

तोंड जोरात चालू होतं, पण दोन्ही हातांनी खडक घट्ट धरून ठेवला होता. ते दिसलं तशी मी चेष्टा आवरली. कॅन खांद्याला अडकवले आणि त्याला ओलांडून खालच्या पायरीवर उतरले.

आमच्या देहरी गावात हे काम आधी बाबा करायचे. त्यांचा गुडघा गेला तेव्हापासून गड दाखवायला मी जाते. उतरताना माणसाने खडकाकडे तोंड करायचं, आणि आपण खाली राहून त्याचा घोटा धरून पाय खोबणीपर्यंत न्यायचा. पण बाबांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावली होती... पाय दाखवायचा, ओढायचा नाय. भार त्याचा त्याने टाकायचा. ओढलास तर दोघंही जाल.

"फिरा. खडकाकडं तोंड. आता उजवा पाय... आधी उजवा."

"पोरीच्या हातात पाय द्यायचा म्हणजे... कसंतरी वाटतं."

"मग डोकं द्या. तेबी रिकामंच दिसतंय."

तो हसला. धुक्यात चेहरा नीट दिसत नव्हता, पण हसणं छान होतं. मेलं तिथेच काहीतरी झालं माझं. पायथ्याशी आलो तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. तिथून आमच्या घरापर्यंत त्याने माझ्या ओढणीचं टोक धरून ठेवलं. मला वाटलं, चान्स मारतोय. तरी मी ओढणी सोडवून घेतली नाही.

मग तो दर रविवारी यायला लागला.

आधी मोटारसायकलवर, नंतर एसटीने. "गाडी विकली काय रे?" म्हटलं तर म्हणे, पेट्रोल महागलंय. माहुली झाला, सिद्धगड झाला, नाणेघाट झाला, पण फिरून फिरून गोरखगडावर यायचाच. गुहेतल्या खांबांवरून, टाक्याच्या काठावरून सावकाश हात फिरवायचा. कुणी कोरलं असेल, किती पिढ्या इथे पाणी प्यायल्या असतील, असं काय काय बोलत बसायचा.

"खांब घरी न्यायचा हाय काय?" मी विचारायची.

"तू येत असलीस तर खांब कशाला?"

असं बोलायचा आणि लगेच विषय बदलायचा. मी आपली गुहेसमोरच्या चाफ्याच्या पानाशी चाळा करत बसायची. बोल ना पुढे, मुडद्या... पण पुढे कधी बोललाच नाही.

आणि चार वाजले की उठलाच!

"थांब की. वरून सूर्य बुडताना बघ एकदा. समोरचा मच्छिंद्राचा सुळका नुसता लाल होतो."

"नको. उजेडात घरी पोचलेलं बरं."

"कोंबडी हाय काय तू? तिन्हीसांजेला खुराड्यात शिरायला?"

त्यावर तो नेहमीसारखा हसला नाही.

"एवढी घाई कसली तुला?" मी विचारलं. "गड कुठं पळून चाललेत?"

"गड नाय पळत," तो म्हणाला आणि उठून चालायला लागला.

डिसेंबरात मला बघायला पाहुणे आले. मुलगा सुनिल, बदलापूरकडचा, कंपनीत कामाला. त्यांना मी पसंत पडले. म्हशाच्या जत्रेला दोन्ही घरची माणसं येणारच होती, तेव्हा तिथेच उत्तर द्यायचं ठरलं. त्या रविवारी त्याच चाफ्याखाली बसून मी शेखरला सगळं सांगितलं. झाडाची पानं झडून गेली होती.

"मुलगा चांगला हाय?"

"चांगलाच हाय. काय खोट काढू त्याच्यात?"

तो बराच वेळ समोरच्या सुळक्याकडे बघत राहिला. मी मनात म्हणत होते, बोल. आता तरी बोल. एक शब्द बोल, मी जन्मभर ऐकेन.

"मग... हो म्हण," तो म्हणाला.

असा संताप आला म्हणून सांगू! उतरताना मी त्याचा पाय धरला नाही. तरातरा खाली आले आणि डोळे पुसत उभी राहिले. भर उन्हात तो एकटा एकेक खोबणी चाचपत उतरत होता. दिसत होतं, तरी मी मुद्दाम मदतीला वर गेले नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरली. बैलबाजाराच्या कडेला घोंगड्यांच्या थप्प्या, पाळण्यांचा कर्कश आवाज आणि नाकातोंडात धूळ. दिवस बुडाला होता, दुकानांचे दिवे अजून लागायचे होते. सुनिलचे वडील पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसले होते. सुनिल माझ्याकडे बघून लाजत होता. बिचारा.

"बोल गो पोरी," आई दबक्या आवाजात म्हणाली. "मानसं कवाची थांबलीत."

तेवढ्यात बैलांच्या रांगेतून शेखर येताना दिसला. सरळ माझ्याच दिशेने. मी उठून चार पावलं पुढे गेले आणि त्याच्या समोर उभी राहिले. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं...

आणि तो बाजूने पुढे निघून गेला.

मी तिथेच थिजले. मग मागे धप्पकन आवाज झाला. बैलाच्या ताणलेल्या दाव्यात पाय अडकून तो शेणामातीत गुडघ्यावर पडला होता. "सांजच्यालाच ढोसून आलाय मेला!" कुणीतरी ओरडलं. तो हाताने जमीन चाचपत होता. गुहेतले खांब चाचपायचा, तसाच.

ओढणीचं टोक. मोटारसायकल सोडून एसटी. चार वाजता उठणं. आणि मी त्याला कोंबडी म्हणाले होते!

"शेखर."

त्याने मान वर केली, पण चुकीच्या बाजूला वळवली. "सारिका? कुठं हायस तू?"

"तुझ्यासमोर."

"अंधार पडला की दिसत नाय गो मला. वर्षभरात दिवसाबी कडंचं दिसेनासं व्हायला लागलंय. डाक्टर म्हनतो, हे थांबनार नाय." तो धुळीतच बसून बोलत होता. "म्हनून म्हटलं, डोळं हायत तवर आपले गड बघून घेऊ. मधेच तू दिसलीस... मग गड बघायचे राहूनच गेले."

"हे आधी नाय सांगवलं तुला?"

"सांगायलाच आलो आज. तू मनात राग घेऊन सासरी जाऊ नयेस म्हनून. झालं सांगून. आता जा, तुझी मानसं थांबली असतील."

मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू? बांधावरची निसरडी वाट, पावसाळ्यातला काळोख, आईचं रडणं, बाबांचा पडलेला चेहरा... सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. पण त्याला तिथे धुळीत सोडून वळायचं म्हटलं, तर मला वळताच येईना. माझं त्याच्यावर प्रेम होतं. आणि ते काही अंधार पडला म्हणून दिसेनासं होणार नव्हतं.

त्याला उठवून उभं केलं आणि भर बाजारात, दाव्याच्या पलीकडे जाऊन मी खाली बसले. त्याचा घोटा धरला.

"उजवा पाय. आधी उजवा."

"सारिका, लोक बघतायत."

"बघू दे. समोर दावं हाय. त्याच्या पलीकडं मी हाय." "मी ओढनार नाय, शेखर. ठेवायचा तर तुझा तूच ठेव."

मागे पेढ्यांचा पुडा बंद झाल्याचा कागदी आवाज आला. "आवो, पोरीला आवरा तुमच्या!" कुणीतरी बाबांना म्हणत होतं. मी नुसती वाट बघत बसले.

मग सावकाश पाय दाव्यावरून पलीकडे आला, माझ्या तळव्याशेजारी टेकला, आणि त्याने त्या पायावर सगळा भार टाकला.

मी डोळे पुसले. शेणाचे हात तोंडाला लागले असणार, पण ते कुणाला दिसतंय!

"पुढं कोनी उभं हाय काय?" त्याने हळूच विचारलं.

"बाबा."

"रागात?"

"जाम."

त्याने चाचपत माझ्या ओढणीचं टोक शोधलं आणि मुठीत धरलं.

"आता?"

"आता काय," मी म्हटलं, "डावा पाय."