शेवटची अट

एजंटला, म्हणजे सांगितलेली कामं स्वतः करणाऱ्या एआय प्रोग्रामला, एखादं टूल वापरायला द्यायचं म्हणजे आधी त्या टूलचं वर्णन लिहायचं. ते काम माझं. टूल काय करतं, कधी वापरायचं आणि कधी अजिबात वापरायचं नाही. हे तिसरं लोक हटकून विसरतात. ऑफिसातल्या आमच्या मॅडम नव्या मुलांना सांगतात, हुशार पण आजच कामाला लागलेल्या माणसाला समजावताय असं धरून लिहा. त्याला तुमच्या घरातलं काहीएक ठाऊक नसतं.

आमचं घर म्हणजे कंपनीचं चाचणीघर. दिवे, गीझर, दार, सगळं एजंटच्या ताब्यात. दार तर हाताने उघडतच नाही. बायको एजंटला सांगकाम्या म्हणायची. दाराचं वर्णन मी तिच्यासमोरच लिहिलं होतं: घरातलं माणूस दाराशी आलं की उघडावं, मागून आणखी कोणी येत असेल तर ते आत येईपर्यंत मिटू नये. दुसरं वाक्य तिने घालायला लावलं. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ती मुलीच्या मागून जिना चढायची, आणि दार नेमकं तिच्या तोंडावर मिटायचं.

मग गाडीला अपघात झाला. दोघी गाडीत होत्या. बायको जागीच गेली. मुलीला ओरखडाही आला नाही, डॉक्टरांनाही नवल वाटलं. लोक भेटायला आले, मी त्यांना चहा केला. रडू आलं नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर गाल जसा परका होतो, तसा मी सगळाच झालो होतो. कामात मात्र चूक होत नव्हती.

पुढे दुपारी, बायको कामावरून यायची त्या वेळेला, दार उघडायला लागलं. खिट्टी सरकायची, जिन्यातला फिनेलचा वास आत यायचा, आणि पायपुसणं रिकामं असायचं. जरा थांबून दार मिटायचं. सांगकाम्याला कारण विचारलं, तर म्हणाला, घरातलं माणूस आलं होतं. कॅमेऱ्यात नुसती समोरची भिंत.

मॅडमना सांगितलं. त्यांनी खापर माझ्यावरच फोडलं. वर्णन मोघम असेल तर तो बिचारा काय करणार? म्हणून मी लिहिलं, माणूस प्रत्यक्ष दाराशी उभं असेल तरच उघडावं. दार उघडत राहिलं.

मला त्याचं काही वाटलं नसतं. पण मुलगी धास्तावली होती. खिट्टी वाजली की हातातलं टाकून ती खोलीत जाऊन बसायची. जेवणावर तिचं लक्ष नव्हतंच, ताट होतं तसं उचलावं लागायचं. शेवटी एकदा ती म्हणाली, "बाबा, हे थांबव. नाहीतर मी आत्याकडे राहायला जाते."

"कोणी नसतं गं दारात."

"ती माझ्यासाठी येते," ती म्हणाली.

ती गेली असती तर या घरात उरलो असतो मी आणि सांगकाम्या. एवढं मात्र त्या बधिरपणातूनही टोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिसरी गोष्ट लिहिली. इतरांना कायम बजावत आलो, आणि माझ्याच दारासाठी लिहायची राहून गेली होती. माणूस जिवंत नसेल तर उघडू नये. लिहिताना बोटं अडखळली नाहीत. कचरा टाकून परत आलो, माझ्यासाठी दार बरोबर उघडलं.

दुपारी ते मिटलेलंच राहिलं. बाहेर पायपुसण्यावर पाय घासल्यासारखा आवाज आला. बराच वेळ येत होता, मग थांबला. मुलगी कॉलेजात होती. तिला फोन करून सांगितलं, झालं काम. ती हसली. किती दिवसांनी हसली होती.

संध्याकाळी जिन्यात तिची पावलं वाजली.

दार उघडलं नाही.

"बाबा, दार उघड ना."

मी सांगकाम्याला दार उघडायला सांगितलं.

"अट पूर्ण होत नाही," तो म्हणाला.

"कोणती?"

"शेवटची."

कॅमेऱ्यात ती स्वच्छ दिसत होती. खांद्यावर बॅग, कपाळावर आलेली बट. तिने पुन्हा हाक मारली, या वेळी हळू. हाक मारताना ती वळून वळून जिन्याकडे बघत होती.

सांगकाम्याच्या लेखी ती जिवंत नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला भीती वाटली.

मी लॅपटॉप पुढे ओढला आणि ती अट खोडली.

खिट्टी सरकली. मुलगी आत आली, चप्पल काढून माझ्याजवळ येऊन उभी राहिली.  मी तिच्या खांद्याभोवती हात टाकला.

दार मिटायची वाट बघत आम्ही तसेच उभे राहिलो.

ते मिटेना.

मग, पिशव्या सावरत आत यायला माणसाला लागतो तेवढ्या वेळाने, अलगद मिटलं.