घरघर गेलेला पंखा

मोबाइलवर झऱ्याचा आवाज लावल्याशिवाय तुला झोप येत नाही म्हणतेस ना, पोरी? लाव. पण हे ऐकून मग लाव. आणि तू रे पोरा, दात काढू नकोस. ज्याच्यावर हे गुदरलं तो माणूस अजून जिवंत आहे.

माझ्या दुकानासमोरचा शिंपी. त्याचा टेबलफॅन दुरुस्तीला आला, तो दिवस डिसेंबरची नऊ तारीख, शुक्रवार.

"मिस्त्री, आज रात्रीच हवा," म्हणाला.

"एवढ्या थंडीत पंखा? डोकं तापलंय का?"

हसला नाही.

बुश, म्हणजे आतला दांडा ज्यात फिरतो ती कडी, पार झिजलेला. मी नवा घातला, तेल दिलं, पाती तोलून बसवली. घरघरणारा डबा असा गुळगुळीत फिरायला लागला की माझी मीच पाठ थोपटली. रात्री पावणेअकराला स्वतः पोचवायला गेलो.

घर दोन खोल्यांचं. बाहेर शिलाई मशीन आणि त्याचं अंथरूण, आत बायकोची खाट. बायको जाऊन वर्ष झालेलं. त्याआधी आठ महिने ती अंग लुळं पडून त्याच खाटेवर होती.

पंखा लावला. पाती फिरताहेत, आवाज नाही. त्याचा चेहरा पांढराफटक.

"आवाज कुठे गेला?"

"अहो, आवाज घालवला की लोक मला चहा पाजतात!"

"परत घाला. तो जुना बुश बसवा. हात जोडतो."

"तो गेला भंगारात."

तो मटकन खाली बसला. तेवढ्यात आतून...

"अहो..."

बारीक आवाज. दमलेला. बाईचा.

"तुम्हालाही आलं ऐकू?" तो म्हणाला. "रोज येतं. ती होती तेव्हा रात्रीतून दहादा हाक मारायची. पाणी द्या, कूस बदला. दिवसभर मशीन चालवून माझा जीव जायचा. मग हा पंखा उशाशी घेतला. छान झोप लागायची, मिस्त्री. त्या रात्रीही लागली. सकाळी बघतो तर तिचा हात खाटेबाहेर... दाराकडे."



"अहो..."

 खरं सांगतो, भीतीपेक्षा राग जास्त आला.

"अजून किती हाका मारायला लावणार तिला?" मी म्हणालो. "उठा."

तो उठला. भिंत धरत गेला. दारात थांबला.

"आलो गं..."

आत गेला.

मग काही नाही.

मी पंखा बंद केला. मशीनच्या स्टुलावर बसून राहिलो. दाराकडे बघत.  रात्र... सरेना.

पहाटे डोकावलो. खाटेशेजारी फरशीवर तो गाढ झोपला होता.

ती हाक पुन्हा आली नाही. आता तो पंखा लावत नाही. रात्रभर कान देऊन बसतो. "एकदा तरी हाक मार म्हणावं," म्हणतो. झोप गेली ती गेलीच.

पण त्या पहाटे मी जे बघितलं ते बघितलं. त्याच्या अंगावर चादर होती. दोन्ही हात आत. आणि चादर चारी बाजूंनी अंगाखाली घट्ट खोचलेली... खांद्यांखाली, पाठीखाली, टाचांखाली. त्या खोलीला दुसरं दार नाही, आणि या दारातून रात्रभर कुणी गेलं नाही.

जा, आडवे व्हा, आणि स्वतःला तसं खोचून दाखवा.