आवाज दिला नसेल

चूक जीवराम आबाची. भुताची नाही, नशिबाची नाही, अमावास्येची तर नाहीच. आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्याकडची म्हातारी माणसं असली गोष्ट सांगायला बसली की सगळं त्या भुतावर ढकलतात आणि बिनघोर झोपायला जातात.

सांगितली गिरधर नानांनी. नरडाण्याच्या कारखान्यात आम्ही पोरं रात्रपाळीला असतो, नाना गेटवर वॉचमन. लाईट गेली की मशीन बंद, आणि मशीन बंद पडलं की नाना सुरू. जीवराम आबा त्यांच्याच गावचा, चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. भिंतीला भिंत लागून घर.

"नाना, थापा मारू नका हां," मी म्हटलं.

"तू कालेज सोडेल पोऱ्या, तुले खरंखोटं काय समजस रे?"

पोरं हसली. नानांनी बिडी पेटवली.

२०२४ सालच्या नवरात्रातली अष्टमी. निवडणुकीला परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करतात, तशी आबाची जुनी दुनाळीही उन्हाळ्यात जमा झाली होती. आचारसंहिता कधीच उठली, पण ती परत आणायला आबाने आख्खा पावसाळा घालवला. आली ती गंजून. आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. शस्त्राची पूजा करायची, आणि पूजेच्या आधी फोटो काढायचा. फ्लेक्स लावायचा होता चौकात : आबा, डोक्याला फेटा, खांद्यावर दुनाळी, खाली 'समस्त ग्रामस्थांना विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा'. पासष्टीच्या माणसाला ही हौस.

घरातल्या बाया देवीच्या आरतीला गेलेल्या. मुलगा विक्रम मक्यात राखणीला. त्या भागात रानडुकरं एका रात्रीत शेत लोळवून टाकतात. विक्रमकडे एक बॅटरी, वाजवायला पत्र्याचा डबा आणि मोबाईल. शेत घरामागेच, नाला ओलांडला की सुरू.

आबाने ओसरीवर बंदूक सुटी केली. नळ्या वेगळ्या, लाकडी दस्ता वेगळा. नळ्यांचा गंज रॉकेल आणि काथ्याने घासून काढला, तेल दिलं, दोन्ही तोंडांत कापसाचे बोळे बसवले आणि खुंटीला टांगल्या. मग दस्ता मांडीवर घेतला. काचपेपरने जुनं पॉलिश उतरवत गेला. गुळगुळीत, छान निघत होता.

एक डाग सोडून.

मधोमध काळा डाग. चार बोटं आणि तळव्याचा अर्धा भाग.

तो डाग कुणाचा, ते गावाला माहीत होतं. तीस वर्षांपूर्वी त्याच शेतात तेरसिंग राखणीला असायचा. पाड्यावरचा, मिसरूडही न फुटलेला पोरगा. एका रात्री आबा पिऊन मचाणावर बसला. मका हलला. आबाने बार काढला. तेरसिंग मक्यातून चालत मचाणापाशी आला. पोट एका हाताने दाबलेलं. दुसऱ्या, रक्ताने भरलेल्या हाताने त्याने आबाच्या बंदुकीचा दस्ता धरला.

"मालक, मी व्हतू," एवढंच म्हणाला. बसला तो उठला नाही.

आबाने सगळ्यांना सांगितलं, पोरगं झोपलं असेल, आवाज दिला नसेल, डुक्कर समजून बार गेला. गावाने माना डोलावल्या. पंचनाम्यातही तेच आलं.

तेरसिंगची आई कस्तुरा आली होती. आबाने पुढे केलेल्या पैशाला तिने हात लावला नाही. दस्त्यावरचा हात बघितला आणि म्हणाली, "हा पुसू नको. त्याला बसायला तू एवढीच जागा ठेवली आहेस."

आबाने तीस वर्षं पुसला नाही. श्रद्धा वगैरे काही नाही. भीती. पण फ्लेक्सवर डाग दिसला असता.

त्याने काचपेपर बदलला आणि डागावर धरला. बोटं गेली. मग तळवा गेला. लाकूड नव्यासारखं पिवळं पडलं. आबाने फडक्याने जवसाचं तेल चोळलं आणि दस्ता वाळायला पाटावर आडवा ठेवला.

शेतातून विक्रमची हाक आली. "होऽऽ हुर्रऽऽ!" डबा वाजला. नेहमीचं.

लगेच दुसरी हाक आली. "होऽऽ हुर्रऽऽ!"

डोंगराच्या बाजूने.

आबाला वाटलं, शेजारच्या शेतातला राखणदार. मग आठवलं. शेजाऱ्याने यंदा उडीद लावला होता. तो कधीच निघाला. रान मोकळं होतं.

पुन्हा विक्रम. पुन्हा ती दुसरी हाक. आता जवळून. आवाज कोवळा होता. हाकेच्या शेवटी थोडा फाटायचा.

आबाने तो ओळखला.

मोबाईल वाजला.

"आबा, मक्यामा दुसरं कोन शे?"

"कोनी नही. बॅटरी मार."

"मारी राहिनू. काही दिसत नही. मका हली राहिना... इकडेच ई राहिना."

"डुक्कर व्हई."

"डुक्कर हाका मारस का, आबा?"

आबा ओसरीच्या कडेला येऊन नाल्यापलीकडे बघू लागला.

"आबा...?"

अष्टमीचा चंद्र मावळला होता. आरतीचा भोंगाही बंद झाला होता. फोनमध्ये नुसता पानांचा आवाज. सळसळ. थांबे. पुन्हा सळसळ.

"आवाज दे," आबा म्हणाला. "वरडीसन सांग. नाव सांग. तू शे म्हनीसन सांग त्याले!"

फोन कानाला होता, तरी पुढचं त्याला बाहेरून ऐकू आलं. नाल्यापलीकडून. स्पष्ट.

"मी शे! विक्रम शे! जीवराम आबाना पोऱ्या!"

मग...

बार.

एकच.

आबाने वळून बघितलं. पाटावर दस्ता नव्हता. खुंटीवर नळ्या नव्हत्या.

तो अनवाणी गिरधर नानांच्या दारात आला. दोघं बॅटरी घेऊन नाला ओलांडून पळाले. विक्रम मक्याच्या धुऱ्यावर, बांधालाच, पडला होता. फोन चालूच.

इथे नाना थांबले. बिडी विझली होती, त्यांनी ती तशीच धरून ठेवली.

"पोलीस आले," नाना म्हणाले. "आबा छाती पिटी पिटी सांगे, मन्ही बंदूक शे, मन्ही बंदूक शे. मी घेऊन गेलो त्यांना ओसरीवर. नळ्या खुंटीला. दोन्ही बोळे जागच्या जागी. साहेबाने वास घेतला. बंदुकीच्या दारूचा वास नाही. नुसतं तेल. दस्ता पाटावर. नळ्या एकीकडे, दस्ता एकीकडे, बार कसा निघेल?"

"मग कुणी मारलं?"

"चोरटा शिकारी, असं लिहिलं. आबा ओरडत होता, पोराने आवाज दिला, नाव सांगितलं, मी माझ्या कानांनी ऐकलं. कोण ऐकतो? बठ्ठा गाव म्हणाला, झोपलं असेल पोरगं. आवाज दिला नसेल."

मी विचारलं, "नाना, तेरसिंगच्या वेळी माना डोलावणाऱ्यांत तुम्ही होतात ना?"

नानांनी विझलेली बिडी पायाखाली चिरडली.

मग म्हणाले, साहेबाने एक गोष्ट लिहून घेतली नाही. दस्त्यावरचं तेल ओलंच होतं, आणि त्या ओल्या तेलावर गालाचा ठसा होता. नेम धरताना टेकतात, तिथेच. आबाच्या गालांवर पांढऱ्या दाढीचे खुंट, आणि तेलाचा थेंबही नाही. ठसा गुळगुळीत होता. दाढी न आलेल्या पोराचा.

विक्रम सव्वीस वर्षांचा होता. जीवराम आबाला दुसरं मूल नाही.