चंदेरी पिशवीतला फोन

त्या दिवशी पौषातली धुई अशी दाट पडली होती, की जगदेवबाबाला आपली काठी कुठं टेकते तेही दिसत नव्हतं. तुरीच्या शेंगांवरून पाणी टपटप गळत होतं. सकाळीच जऊळक्याकडून पोलिसांची जीप आली आणि बाबाला पंच म्हणून शेतातल्या एका घराकडं घेऊन गेली. पोलीस जे जे उचलतील ते डोळ्यांनी पाहायचं आणि कागदावर अंगठा द्यायचा, एवढंच काम. बाबानं त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं.

त्या घरची सून रंजीता विहिरीत मेलेली सापडली होती. नवरा ऊसतोडीला गेलेला, घरी फक्त दीर, मोहनसिंग. "पाय घसरला तिचा," एवढंच तो घोकत होता. पण चुलीमागच्या कोनाड्यात रंजीताचा फोन सापडला. पडद्यावर लाल ठिपका लुकलुकत होता. रात्रीपासून फोन आवाज टिपत बसला होता.

फौजदार सपनाबाईंनी हातमोजे घालून, एकही बटण न दाबता, तो जाड चंदेरी पिशवीत टाकला आणि तोंडावर लाखेची मोहर लावली. पिशवीला काचेसारखी खिडकी होती.

"बाबा, या पिशवीत बाहेरून कुणाचाच फोन लागत नाही. दुरून कुणाला काही पुसताही येत नाही. मोहर शाबूत राहिली तर हा कोर्टात बोलेल. फुटली, तर गुन्हेगार सुटला समजा."

"मोहरेले हात लावाची कोनाची टाप हाय? जा तुमी, फोटू काढा."

सपनाबाई शिपायाला घेऊन विहिरीकडं वळल्या. धुईनं त्यांना गिळून टाकलं. बाजेवर पिशवी, शेजारी बाबा.

आणि पिशवीत फोन वाजला.

शेंगांवरची टपटप थांबली. शेवाळाचा कुबट वास आला. बाबाला अक्षर येत नव्हतं. फोन कुणाचा ते तो फोटोवरून ओळखायचा. खिडकीत उजेड पडला, त्यात रंजीता हसत होती. तिच्याच फोनवर तीच बोलावत होती.

धुईतून मोहनसिंग पुढं आला, पांढराफटक. "उचल ना बुढ्या... काहून पाहून राह्यला? जित्ती असंन थे... फाड पिशवी..."

"तुले कायची एवढी घाई रे?"

पण बाबाही खिडकीवर वाकला. तापात याच पोरीनं त्याला पेज पाजली होती. हात आपसूक मोहरेवर गेला... आणि तिथंच थांबला. धुईत ओळखीच्या गळ्यानं हाक आली तरी ओ द्यायची नाही, चकवा ओळखीच्याच गळ्यानं बोलावतो, हे त्याला आईनं शिकवलं होतं. त्यानं दोन्ही तळवे मोहरेवर पसरले.

"दम धर माय," तो हळूच म्हणाला. "बोलाचं थे कोर्टात बोलजो."

मोहनसिंगनं झडप घातली. बाबानं पिशवी छातीशी धरून सपनाबाईंना हाक मारली. बुटांचे आवाज धावत आले, शिपायानं मोहनसिंगची मानगूट धरली. फोन आपोआप गप्प झाला. मोहर जशीच्या तशी होती.

"वाजला? शक्यच नाही, बाबा," सपनाबाई म्हणाल्या.

बाबानं कागद पुढं ओढला. ताठ मानेनं अंगठा दिला.

दुपारी घरी आला, तरी धुई उठली नव्हती. शेजारची रंगूबाई सकाळपासून अंगणात तूर झोडपत होती. तिला गावातली खबर लागलेली नव्हती.

"कुठी गेल्ते, जगदेवभाऊ? थे रंजीता येऊन गेली ना आताच, वल्लीचिंब. म्हने, बाबाले सांगजा, फोन उचलला नाई थे बरं केलं... थे मी नोती."